गार्डसाहेबांची पाठमोरी वाट

नोकरी संपली की माणसाच्या कामाची तारीफ होते, चार लोक टाळ्या वाजवतात, आणि मग त्याला नेऊन बायकोच्या स्वयंपाकघरात सोडतात. बायकोला कोणी विचारत नाही. गार्डीणबाईंनाही कोणी विचारलं नाही.

त्यांचे यजमान आगगाडीचे गार्ड. मोठ्या गाडीचे नव्हेत, आडबाजूच्या एका छोट्या गाडीचे. ती सकाळी नदीच्या पुलापाशी असलेल्या स्टेशनापर्यंत जायची आणि रात्री परत यायची. सगळी हयात त्या एका गाडीवर गेली. मग गाडीत बसायला माणसं मिळेनात, आणि ज्या वर्षी साहेब निवृत्त झाले त्याच वर्षी गाडीही बंद पडली. रूळ उपटून नेले. रुळांखालची लाकडं ज्याला जशी उचलता आली तशी त्याने उचलली. तिकडे झुडपांमधून जाणारी खडीची वाट उरली, आणि इकडे घरात गार्डसाहेब उरले.

घरात म्हणजे कुठे, तर बाईंच्या मागे. अगदी मागे. त्या ओट्याशी आणि हे त्यांच्या पाठीशी, हात मागे बांधून उभे. आणि उभं राहून करायचं काय, तर बातम्या द्यायच्या.

"दूध उतू गेलं."

"गेल्यावर सांगताय? जायच्या आधी तोंडाला कुलूप होतं का?"

"आधी दिसलं नाही. गेल्यावर दिसलं."

कप फुटला की सांगणार, कप फुटला. भाजी करपली की सांगणार, करपली. होणाऱ्या गोष्टीचा वास म्हणून या माणसाला येत नसे, झालेल्या गोष्टीवर मात्र बारीक नजर. शिवाय घरात माणसं दोन, तरी जेवायला बसताना दारात उभं राहून विचारायचे, "सगळे आले का?"

"नाही ना," बाई म्हणायच्या, "मागच्या डब्यातले राहिलेत. हाका मारून या, तोवर मी जेवून घेते."

बाईंची जीभ अशी. तिला धार लावावी लागत नसे. पण एका दुपारी त्या डुलकी काढून उठल्या तर पलीकडच्या खोलीत साहेब इस्त्री करत होते. शर्टाला नाही. आधी हिरव्या निशाणाला, मग लाल निशाणाला. दोन्ही निशाणं नीट घडी घालून त्यांनी ट्रंकेत ठेवली आणि ट्रंकेच्या कडीवर हात ठेवून बसून राहिले. बाई पाय न वाजवता परत फिरल्या. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. शेजारणीचं, जावेचं, दूधवाल्याचं सगळं सांगून झालं, तरी हे नाही.

त्याच सुमारास नर्सबाईंनी ती वाट साफ करायला घेतली. नर्सबाई दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, पण सवय कुठे जाते? त्यांनी गावालाच पेशंट केलं. सगळे बसून बसून फुगलेत, दर रविवारी जुन्या स्टेशनापासून पुलापर्यंत चालायचं आणि परत यायचं, असा त्यांनी फतवा काढला. झुडपं तोडून घेतली, मंडळ काढलं. आता पुढे चालून मंडळाला नेणारा एक वाटाड्या हवा होता. पगार काही नाही, नुसता मान. पण मानालाही दोन गिऱ्हाइकं निघाली. एक आपले गार्डसाहेब. दुसरे तिकीटमास्तर.

तिकीटमास्तरांनी जन्मभर स्टेशनाच्या खिडकीमागे बसून तिकिटं विकली. सगळ्या जगाला गाडीत बसवलं, स्वतः कधी बसले नाहीत. तरी मागच्या रविवारी त्यांनी मंडळाला पुलापर्यंत नेऊन आणलं. दर दगडापाशी थांबून माहिती दिली. त्यातली अर्धी खोटी होती आणि उरलेली त्यांच्या स्वतःबद्दल. लोकांचे पाय दुखले नाहीत इतके कान दुखले. आणि येताना एक माणूस वाटेत राहून गेलं, ते त्यांच्या गावीही नव्हतं. ते माणूस म्हणजे बाईंची नणंद. गुडघ्याने अधू. बुटातला खडा काढायला ती ओढ्यावरच्या एका मोरीच्या कठड्यावर टेकली, आणि मान वर करते तर पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. शेवटी भाजीच्या गाडीत कोबीच्या ढिगावर बसून घरी आली.

"पण वाट नाही चुकले हो मास्तर," नर्सबाई म्हणाल्या. "आणि गुडघा दुखतो तर यायचं कशाला?"

हे बोलणं झालं पावाच्या दुकानात, चारचौघांत. आणि तिथेच बाईंच्या जिभेने घात केला.

"मास्तरांनी वाट खिडकीतून पाहिलेली," बाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांना तिथला दगड न् दगड ओळखतो. डोळ्यांवर पट्टी बांधा, तरी पुलापर्यंत नेतील."

"पट्टी नको," नर्सबाई म्हणाल्या, "उघड्या डोळ्यांनी नेलं तरी पुष्कळ. हा रविवार तुमच्या साहेबांचा. जमलं तर ते. नाही जमलं तर मास्तर, कायमचे. मग माझ्याकडे कोणी गाऱ्हाणं आणायचं नाही."

झालं. शब्द तोंडातून गेला, तो काय पाव आहे परत पिशवीत घालायला? आता साहेबांना हे काम मिळालं तर रविवार सुटणार होता, आठवडाभर त्याची तयारी चालणार होती, स्वयंपाकघर मोकळं होणार होतं. नाही मिळालं, तर पुढची सगळी वर्षं दूध उतू गेल्याच्या बातम्या. आणि ती ट्रंक. बाईंनी ट्रंकेचा विचार बाजूला सारला आणि दुधाचाच धरून ठेवला. दुधावर निदान चिडता तरी येतं.

रविवारी साहेब नोकरीतला कोट घालून निघाले. कोट पोटावर रुसला होता, वरचं एकच बटण लागत होतं. गळ्यात शिट्टी, काखेत निशाणं. जुन्या स्टेशनाच्या पडक्या फलाटावर मंडळ जमलं होतं. साहेबांनी सगळ्यांकडे बघून घेतलं, हिरवं निशाण हलवलं, शिट्टी फुंकली, आणि जागचे हललेच नाहीत. सगळे त्यांच्याकडे बघतायत, ते सगळ्यांकडे.

"अहो, चला ना," बाई पुटपुटल्या. "गाडी तुम्हीच आहात आज."

"हां, हां," साहेब म्हणाले आणि घाईघाईने पुढे झाले.

सुरुवात बरी झाली. वाट सरळ, दोन्ही बाजूंना गवत, चुकायचं म्हटलं तरी जागा नव्हती. पण बाईंच्या लक्षात आलं, हा माणूस पुढे बघून चालतच नाही. चार पावलं टाकली की मान मागे. चाललाय पुढे आणि बघतोय मागे.

फाटकवाल्याची जुनी खोली आली. साहेब तिच्यासमोरून गेले, गप्प. सगळे गेले. मग मागे वळून एकदम म्हणाले, "अरेच्चा! ही फाटकवाल्याची खोली!"

"दादा," नणंद शेवटून ओरडली, "आम्ही तिच्यात बसून पाणी पिऊन निघालो असतो, आता सांगतोस?"

लोक हसले. साहेबही हसले. पाण्याची टाकी आली, तेच. मोरी आली, तेच. टाकी मागे पडली की "ही टाकी", मोरी मागे पडली की "ही मोरी".

"नवी पद्धत आहे," तिकीटमास्तर म्हणाले. "आधी अनुभव, मग माहिती. आमच्या वेळी उलटं होतं."

"तुमच्या वेळी अनुभव नव्हताच मुळी," बाईंनी फेकलं. पण मनातून त्या हलल्या होत्या. हे म्हणजे अगदी दुधासारखं चाललं होतं.

मग वाटेला फाटा फुटला.

एक वाट डावीकडे, एक उजवीकडे. पूर्वी त्यातल्या एकीवरून दगडाच्या खाणीकडे मालाचे डबे जायचे. दोन्ही वाटांवर सारखीच खडी, सारखंच गवत. मास्तरांना पुलाकडची वाट ठाऊक होती, कारण मागच्या आठवड्यात त्यांनी एका गुराख्याला विचारून घेतली होती. पण ते आज ढगांकडे बघत उभे राहिले. बाकीच्यांनी मागच्या वेळी वाटेकडे बघितलंच नव्हतं, कान झाकण्यात गुंतले होते.

साहेब फाट्यावर थांबले. डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. कोटाचं एकुलतं एक बटण काढलं. बाई बघत होत्या, साहेबांच्या कानशिलावरून घाम उतरत होता.

"डावीकडे," साहेब म्हणाले.

डावीकडची वाट आधी रुंद होती, मग अरुंद झाली, मग काटे लागले, मग दोन्ही बाजूंना खडक आले आणि मग वाट संपली. समोर खाणीचा खड्डा, त्यात हिरवं पाणी, आणि पाण्यात बेडकं. एका बेडकाने सगळ्यांच्या देखत डुबकी मारली.

"वा!" मास्तर म्हणाले. "साहेबांनी पोहायचाही कार्यक्रम ठेवलाय. आम्हाला सुचलं नव्हतं."

नर्सबाईंनी ओठ आवळले, नाडी सापडत नाही तेव्हा आवळतात तसे.

सगळे काटे काढत फाट्यावर परतले आणि सावलीत बसले. बाईंनी साहेबांना दंडाला धरून बाजूला घेतलं.

"इतकी वर्षं रोज गेलात या वाटेने. डोळे मिटून जात होता का?"

"नाही गं. डोळे उघडेच असायचे."

"मग?"

साहेब खडीकडे बघत म्हणाले, "गार्डचा डबा कुठे असतो?"

"शेवटी. हे काय विचारणं झालं?"

"आणि मी त्याच्या मागच्या सज्ज्यात उभा. माझ्या पुढे अख्खी गाडी, पुढचं काय दिसणार? पुढचं बघायचं इंजिनवाल्याने. मी मागे बघायचो. कोणी पडलं का, डबा सुटला का, धूर येतोय का. ही वाट मी समोरून येताना पाहिलीच नाही कधी. गाडी पुढे जायची आणि वाट माझ्या पायाखालून निघून मागे मागे लहान होत जायची. ती तशीच ओळखीची आहे. तोंडावरून नाही ओळखत मी तिला. पाठीवरून ओळखतो."

"आणि परतीला?"

"परतीला रात्र. माझाच शेवटचा लाल दिवा, आणि त्याच्यापलीकडे काळोख."

बाई गप्प झाल्या. ही घटना दुर्मीळ होती, म्हणून नणंदेने लांबून मान उंच करून बघितलं. एवढा संसार केला, त्यांचे डबे भरले, कोटाची बटणं लावली, पण नवरा दिवसभर कुठे तोंड करून उभा असतो हे विचारावं असं बाईंना कधी वाटलं नव्हतं. न विचारता पावाच्या दुकानात मात्र छाती पुढे काढली होती.

"आधी सांगता येत नव्हतं?"

"तूच सगळ्यांना सांगून आलीस, दगड न् दगड ओळखतो म्हणून," साहेब म्हणाले. "मला वाटलं, असेल बुवा."

बाईंना हसू आलं, ते त्यांनी दाताखाली धरलं. मग त्यांनी साहेबांचा कोट मागून घट्ट पकडला आणि त्यांना उजवीकडच्या वाटेवर ओढत नेलं. बरंच आत नेलं. सगळे बघतायत, हसतायत.

"वहिनी, चोर धरलास का?" नणंद ओरडली.

"आता फिरा," बाईंनी साहेबांना सांगितलं. "आलो त्या बाजूला तोंड करा. बघा."

साहेब वळले. समोर आता फाटा, त्याच्या मागे टाकी, टाकीच्या अंगावर रेललेलं झाड. बघता बघता माणसाचा चेहरा असा उजळला की बाईंना उगाच इकडेतिकडे बघावं लागलं.

"ही!" साहेब म्हणाले. "हीच! ते झाड टाकीच्या डाव्या अंगाला दिसलं पाहिजे. दिसतंय! आणि आता थोडं पुढे गेलो की टाकी झाडामागे जाईल. बघ तू!"

"मी नाही बघत, तुम्हीच बघा. मी पुढे चालते." बाई फाट्याकडे वळून गरजल्या, "उठा सगळे! इकडून चला! साहेब शेवटी येतील. वाट बरोबर असली तर एक लांब शिट्टी, चुकली तर तुटक. शिट्टी तुटक आली की जिथल्या तिथे थांबायचं."

"म्हणजे पुढे कोण?" मास्तरांनी विचारलं.

"मी."

"तुम्हाला वाट माहीत आहे?"

"नाही. इंजिनाला कुठे माहीत असते?"

"वहिनी इंजिन!" नणंदेने टाळी वाजवली. "धूर तर केव्हाचा निघतोच आहे नाकातून."

"वन्सं, तुम्ही गार्डाच्या डब्यात बसा," बाई म्हणाल्या. "कोबी नाही तिथे, पण तुमचे दादा आहेत."

आणि निघाली गाडी. पुढे बाई, छत्री टेकत, जणू ही जमीन त्यांच्या नावावर आहे. मध्ये मंडळ. शेवटी नणंद लंगडत आणि तिच्या पावलाने चालणारे साहेब, मान मागे. टाकी झाडामागे गेली, लांब शिट्टी आली. वाट वळली, बाई एका पायवाटेला लागू पाहत होत्या, तुटक शिट्टी आली. बाई थांबल्या, दुसरीकडे वळल्या, लांब शिट्टी. पुन्हा वाट चुकली नाही.

पूल दिसायला लागला, तेवढ्यात मागून शिट्टीवर शिट्टी. तुटक, तुटक, तुटक.

"आता काय?" नर्सबाई वैतागल्या. "पूल समोर दिसतोय!"

साहेब लाल निशाण उघडून वाटेच्या मधोमध उभे होते. "गाडी पूर्ण नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मास्तर नाहीत."

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. खरंच नव्हते. बोलणं थांबलेलं सगळ्यांना कळलं होतं, पण बरं वाटतंय म्हणून कोणी कारण शोधलं नव्हतं.

"येतील मागून," कोणीतरी म्हणालं.

"ते आल्यावर गाडी हलेल," साहेब म्हणाले. हा आवाज बाईंनी स्वयंपाकघरात कधी ऐकला नव्हता.

साहेब मागे गेले. थोड्या वेळाने वळणावर ते दिसले, आणि त्यांच्यासोबत मास्तर. मास्तरांच्या टोपीत रानफळं, ओठ जांभळे, हनुवटीही जांभळी. एका झुडपात इतके खोल शिरले होते की विजार काट्यांना अडकली आणि ना पुढे येता येईना, ना मागे.

"मी मंडळासाठीच तोडत होतो," मास्तर म्हणाले.

"दिसतंय," बाई म्हणाल्या. "मंडळाच्या वाटणीची तुमच्या हनुवटीला लागलीत."

साहेबांनी मात्र त्यांना टोमणा मारला नाही. त्यांनी लाल निशाण गुंडाळलं, हिरवं काढलं आणि लांब शिट्टी दिली. नणंदेने नर्सबाईंकडे अशी नजर टाकली की त्या नजरेत कोबीची अख्खी गाडी होती. नर्सबाईंनी ओठ आवळलेले सोडले.

पुलाच्या कठड्यावर बसून सगळ्यांनी पाव खाल्ला, मास्तरांची रानफळंही खाल्ली. मग परत निघायची वेळ झाली. साहेब आलेल्या वाटेकडे तोंड करून उभे राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर ती जशी हवी तशी पसरलेली होती. वळण, झाड, झाडामागे टाकीचं टोक.

"आता तर मला सगळी दिसतेय," ते म्हणाले. "अगदी रोजच्यासारखी."

"मग आता तुम्ही व्हा पुढे," नर्सबाई म्हणाल्या. "परतीला वाटाड्या तुम्हीच. मोकळं करा वहिनींना."

बाईंना हायसं वाटलं. त्यांच्या टाचा बोलत होत्या. साहेब पुढे झाले, ऐटीत चार पावलं चालले, आणि थांबले. मागे बघितलं. नणंद कठड्याला धरून उठत होती, मास्तर विजारीचं भोक झाकत होते. साहेब गर्दीतून वाट काढत परत सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले.

"का हो?" नर्सबाईंनी विचारलं.

"मी पुढे गेलो तर शेवटी कोण?"

नर्सबाईंनी थोडा विचार केला आणि जाहीर करून टाकलं. "ठरलं. मंडळाचे गार्ड साहेब. कायमचे." मग त्यांनी बाईंकडे बघितलं. "पण नुसता गार्ड घेऊन मी काय करू? इंजिनही लागेल. दर रविवारी."

"मी?" बाई म्हणाल्या. "अहो, मला रविवारी निवांत घरात बसायचंय! त्यासाठी तर यांना—" आणि जीभ चावली.

"त्यासाठी काय?" मागून साहेबांनी विचारलं.

"काही नाही. शिट्टी फुंका, उशीर होतोय."

तेव्हापासून दर रविवारी गार्डीणबाईंचं स्वयंपाकघर मोकळं असतं. असं मोकळं की त्यात बाईही नसतात. मास्तर मध्ये चालतात आणि मधल्यांना माहिती देतात. ती पुढच्यांना ऐकू येत नाही, ही पुढे चालण्यातली खरी मजा, असं बाई म्हणतात. आठवड्यातले बाकीचे दिवस साहेब अजून ओट्यामागे उभे राहतात. दूध अजून गेल्यावरच कळतं. फरक इतकाच की बाई आता, मागे न बघता, विचारतात, "आहात ना?"

आणि रविवारी फलाटावरून निघताना मागून लांब शिट्टी येते. इंजिनवाला तिला उत्तर देतो, तशी रीत आहे, हे बाईंना साहेबांनी शिकवलं. बाई वळत नाहीत. वळण्याचं काम त्यांचं नाही. त्या नुसती छत्री वर करतात आणि चालू लागतात.